ट्रेडमिल झटके देतेय, रबर जळल्याचा वास येतोय - बेल्ट बदलायचा की साफसफाईवर भागेल?

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी, घरातल्या ट्रेडमिलबद्दल विचारायचंय. जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये अर्ध्या सोसायटीने घेतली तशी आम्हीपण घेतली. घडी होणारी, खोक्यावर २ एचपी डीसी मोटर लिहिलेलं, बंद गॅलरीत ठेवलीये. इतरांकडे असते तशी कपडे वाळत घालायला नाहीये ती, रोज वापरात आहे, कारण सासऱ्यांची टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) झाली तेव्हा डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं आणि पावसाळ्यात आमच्या इथल्या फुटपाथवर चालणं म्हणजे हातपाय मोडून घेणं. तर सकाळी बाबा ३ च्या स्पीडला अर्धा तास चालतात, संध्याकाळी मुलगा ९-१० वर पळतो, मी मधेआधे.

आता झालंय असं की बाबा चालायला लागले की दहाएक मिनिटांनी पट्टा पायाखाली क्षणभर अडकतो आणि मग एकदम सुटतो. त्यांचा तोल जातो, दांडी धरलेली असते म्हणून निभावतं. वर रबर तापल्यासारखा वास येतो आणि मधूनच खटकाही पडतो. गंमत म्हणजे मुलगा एवढा धावतो तेव्हा यातलं काहीच होत नाही!! बाबांचं वजन ८८, मुलाचं ५५, त्याचा काही संबंध असेल का?

ज्यांच्याकडून घेतली त्यांच्या सर्व्हिसवाल्याला फोन केला तर त्याने यायच्या आधीच, न बघता, बेल्ट आणि डेक दोन्ही बदलावं लागेल म्हणून साडेनऊ हजार सांगितले, व्हिजिटचे वेगळे. घेताना तेल घालायचं असतं वगैरे यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. बाबा म्हणतायत शिलाई मशीनचं तेल सोडूया, मी ती बाटलीच लपवून ठेवलीये सध्या.

घरच्या घरी काय साफ करता येतं, कुठलं तेल, किती, आणि खर्च खरंच करावा लागेल का हे कुणी सांगेल का?

पेठकर

पट्टा ढिला झालाय. मागच्या टोकाला दोन बोल्ट असतात, त्यात एलन की (षटकोनी पाना) घाला आणि आवळा. विषय संपला. साडेनऊ हजारात माणूस वर्षभर पर्वती चढून येतो, फुकट चढून वर साडेनऊ हजार शिल्लक राहतात.

फेजन्यूट्रल

अहो ताई थांबा, लगेच आवळू नका. पेठकर, तुमचं निदान बरोबर असेलही पण पट्टा कोरडा असताना आवळला तर घर्षण अजून वाढतं, मोटर जास्त करंट खेचते आणि आज फक्त झटका येतोय तो उद्या कंट्रोलर बोर्ड उडवून जातो. बोर्डाची किंमत ऐकलीत की साडेनऊ हजार स्वस्त वाटतील.

मी इलेक्ट्रिकची कामं करतो, दोन-तीन सोसायट्यांच्या जिमची मशीनं माझ्याकडे असतात, त्यामुळे हे दुखणं रोजचं आहे. आधी रचना समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. पुढच्या झाकणाखाली मोटर आहे, मोटरवरून एक अरुंद दातेरी रेषांचा छोटा बेल्ट पुढच्या रोलरच्या पुलीवर जातो, तो रोलर फिरला की तुमचा चालायचा मोठा पट्टा फिरतो, आणि हा पट्टा ज्याच्यावरून घासत जातो ती फळी म्हणजे डेक. डेक म्हणजे एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेली) फळी आणि वर गुळगुळीत थर. पाय पडतो तेव्हा सगळं वजन पट्ट्याला फळीवर दाबतं, आणि तरीही मोटरने तो ओढायचा असतो. मधे सिलिकॉनचा पातळ थर असेल तर सरसर जातो, नसेल तर ओढाताण.

आता वजनाचा संबंध आहे का, तर आहेच, पण स्पीडचा त्याहून जास्त आहे. लोकांना वाटतं पळण्याने मशीन झिजतं. पळताना पाय हवेत असतो, पट्ट्यावर क्षणभरच टेकतो, मोटर वेगात फिरत असते आणि तिचा पंखाही वेगात फिरून तिला गार ठेवतो. ८८ किलोचा माणूस ३ च्या स्पीडला चालतो तेव्हा एक ना एक पाय सतत पट्ट्यावर, मोटर हळू, पंखा हळू, आणि जोर मात्र जास्त लावावा लागतो. म्हणजे तुमच्या घरात मशीनला खरा घाम मुलगा नाही, बाबा काढतायत. दहा मिनिटांनीच त्रास सुरू होतो हेही त्यातच बसतं, तोवर कोरडा पट्टा आणि फळी तापलेले असतात. मशीनवर कमाल वजन लिहिलेलं असतं ते एकदा बघून घ्या, १०० असेल तर ८८ म्हणजे काठावरच आलं.

तीन गोष्टी बघून सांगा, मग पुढचं बोलू.

पहिली, झटका बसतो तेव्हा मोटरचा आवाज ऐका. पट्टा अडकला पण मोटरची घुंईं तशीच चालू राहिली तर कुठलातरी बेल्ट सरकतोय, मोठा किंवा झाकणाखालचा छोटा. पट्ट्याबरोबर आवाजही दबला आणि मग परत चढला तर मोटरलाच ओझं झेपत नाहीये, म्हणजे बहुतेक कोरडा पट्टा.

दुसरी, मशीन बंद, प्लग भिंतीतून काढलेला, आणि मग पट्ट्याची कड उचलून मधोमध जिथे पाय पडतात तिथपर्यंत हात घाला. बोटांना ओशट, निसरडं लागतंय का कोरडं?

तिसरी, खटका कुठला पडतो, एमसीबी की आरसीसीबी? आरसीसीबीवर छोटं टेस्टचं बटन असतं त्यावरून ओळखा. एमसीबी पडत असेल तर जास्त करंटचं प्रकरण. आरसीसीबी पडत असेल तर करंट कुठेतरी लीक होतोय, बंद गॅलरी आणि पाऊस म्हटल्यावर हे अजिबात अशक्य नाही, आणि तसं असेल तर इलेक्ट्रिशियन येऊन अर्थिंग तपासेपर्यंत कुणीही त्यावर चढायचं नाही. बाबा तर नाहीच.

आणि हो, प्लग कशात लावलाय? २ एचपी म्हणजे जवळपास १५०० वॅट, २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर झाले. मोबाईल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून एक्स्टेंशन ओढून चालवत असाल तर वास तिथूनही येत असेल! १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट पाहिजे, मधे एक्स्टेंशन नको.

पेठकर

निबंध छान आहे. पण इतिहास राहिला. ट्रेडमिल हे मुळात इंग्रजांनी कैद्यांकडून सक्तमजुरी करून घ्यायला काढलेलं चक्र, १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरने. म्हणजे आमची पेशवाई बुडाली साधारण तेव्हाच. आता लोक पैसे देऊन घरी आणतात आणि वर तेल घालतात.

ठाणेकरीण

पेठकर 😄 बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले तरीच.

फेजन्यूट्रल दादा, खूप आभार. आत्ता बघून आले. झटक्याच्या वेळी आवाज दबतो आणि मग एकदम वर चढतो, हे मुलाने व्हिडिओच काढलाय. हात घातला तर एकदम कोरडं, आणि बोटांना काळी पूड लागली. कडेला जिथे पाय पडत नाही तिथे किंचित निसरडं आहे. एमसीबी पडतो, आरसीसीबी नाही. प्लग १६ चा आहे पण त्याच पॉइंटवर मागून गिझरची वायर आलीये असं दिसतंय. कमाल वजन ११० लिहिलंय.

जिमवाला सोलापूर

आता मी येतो मधे. काळी पूड, मधे कोरडं, कडेला ओलं, आवाज दबतो… ताई तुमचा पट्टा तहानलाय एवढंच. साडेनऊ हजार खिशात ठेवा. आधी साफ करा, तेल घाला, आठ दिवस वापरा, मगच बदलायचं काय ते बोलू. न बघता डेक बदला सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

डेक खरोखर गेलाय का ते बघायची पद्धत सांगतो. पट्टा उचलून मोबाईलचा टॉर्च आत मारा. फळीवरचा थर झिजून खालची तपकिरी लाकडासारखी फळी दिसत असेल, किंवा पाय पडायच्या जागी बोटाला खड्डा लागत असेल तर डेक गेला. (काही मशीनमध्ये फळी पालथी करून परत वापरता येते, दुसरी बाजू कोरी असते, ते मेकॅनिकला विचारायचं, तो आपणहून सांगणार नाही.) पट्ट्याची खालची बाजू बघा, ती कापडासारखी असते, ती काचेसारखी चकचकीत कडक झाली असेल किंवा कडा उसवल्या असतील तर पट्टा गेला. नुसतं काळं झालंय म्हणजे गेलं नाही.

साफसफाई. प्लग काढा. प्लग काढा म्हणजे बटन बंद नाही, भिंतीतून बाहेर. जुना सुती पंचा किंवा मऊ झालेली साडी फाडून लांब पट्टी करा, पट्ट्याखालून एका बाजूने सरकवून दुसऱ्या बाजूने काढा, दोघांनी दोन टोकं धरा आणि पुढून मागे मागून पुढे फिरवा. पट्टा हाताने थोडा थोडा ओढत पूर्ण चक्कर होईपर्यंत. फडकं काळंकुट्ट होईल, दुसरं घ्या. पट्ट्याखाली पाणी, साबण, फिनेल काही म्हणजे काही नाही, एमडीएफ पाणी पिऊन फुगतो आणि फुगलेला डेक परत बसत नाही.

वरच्या बाजूला म्हणजे चालायच्या रबरावर ओलसर फडकं, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात, घट्ट पिळून. डिस्प्लेवर थेट काही फवारायचं नाही, काच पुसायचा स्प्रे तर नाहीच, फडक्यावर घ्या आणि पुसा. हँडल आणि बाजूच्या पट्ट्या रोज वापर झाला की कोरड्या फडक्याने, घामात मीठ असतं आणि ते स्क्रूच्या खाचेत बसून गंज धरतं. आमच्या जिममध्ये पोरं मशीन पुसत नाहीत, बोर्ड लावला, दंड लावला, काय नाय, शेवटी प्रत्येक मशीनला फडकं दोरीने बांधलं तेव्हा पुसायला लागली.

आता तेल. १००% सिलिकॉन असं बाटलीवर लिहिलेलंच घ्यायचं, ट्रेडमिलसाठीचं म्हणून ऑनलाइनपण मिळतं आणि स्पोर्ट्सच्या दुकानातपण. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गाडीचं ऑइल, ग्रीस, काहीच चालत नाही, पेट्रोलियमवाली तेलं रबर आणि पट्ट्याचं कापड खराब करतात आणि खाण्याचं तेल चिकट होऊन बसतं. डब्ल्यूडी-४० चा साधा निळा डबापण नको, तो गंजलेले स्क्रू सोडवायला चांगला आहे, पट्ट्याखाली नाही. पट्ट्याची कड उचला, नळी जमेल तेवढी मधे घाला, एका बाजूने दहा-पंधरा मिली नागमोडी सोडा, तेवढंच दुसऱ्या बाजूने. जास्त नाही!! लोक म्हणतात एवढे पैसे दिलेत तर सगळी बाटली ओतू. जास्तीचं तेल रोलरवर येतं, मग पट्टा रोलरवरच सरकायला लागतो, शिवाय त्याला धूळ चिकटून चिखल होतो.

मग प्लग लावा, मशीन रिकामी ३ च्या स्पीडला पाचेक मिनिटं, नंतर हलक्या माणसाने, तुमच्याकडे मुलगा, थोडं डावीकडून थोडं उजवीकडून चालायचं म्हणजे तेल पसरतं. बाहेर आलेलं पुसून घ्या.

किती दिवसांनी, तर तुमच्याएवढा वापर असेल तर साधारण तीन महिन्यांनी हात घालून बघायचं, कोरडं लागलं तर घालायचं, ओशट असेल तर नाही घालायचं. कॅलेंडर बघून नाही, बोट लावून. आणि मॅन्युअल बघा आधी, काही डेक मेणाचा थर दिलेले असतात त्यांना तेल नको असतं, आणि काहींना आपोआप तेल सोडायची सोय असते.

पेठकर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी कॅरमची पावडर टाकली होती पट्ट्याखाली. "स्ट्रायकर सरकतो तर पट्टा का नाही" हा युक्तिवाद. दोन दिवस म्हणे लोण्यासारखी चालली.

जिमवाला सोलापूर

आणि तिसऱ्या दिवशी?

पेठकर

तिसऱ्या दिवशी पावडर मोटरमध्ये गेली आणि गृहस्थ पर्वतीवर दिसले.

फेजन्यूट्रल

😂 पावडरवरून आठवलं, जिमवाल्या भाऊंनी पट्ट्याचं सगळं सांगितलं पण झाकणाखालचं राहिलं, आणि खरी घाण तिथेच असते. पट्टा फिरताना पायाची, चादरीची, केसांची सगळी धूळ पुढे नेऊन मोटरच्या खोक्यात टाकतो. ही धूळ मोटरच्या जाळीत आणि बोर्ड गार ठेवणाऱ्या पत्र्याच्या पात्यांवर बसली की गार व्हायची वाटच बंद.

झाकणाचे चार-सहा स्क्रू असतात. प्लग काढल्यावर लगेच हात घालू नका, बोर्डावर मोठे कपॅसिटर असतात त्यात करंट शिल्लक असतो, दहा मिनिटं जाऊ द्या, चहा घेऊन या. मग रंगाचा नवा कोरडा एक इंची ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर, ब्रशने धूळ सुटी करायची आणि व्हॅक्यूमचा पाइप जवळ धरून ओढायची. व्हॅक्यूमचं तोंड बोर्डावर घासायचं नाही. ब्लोअर मारत असाल तर लांबून, आणि मशीन गॅलरीच्या दाराकडे करून, नाहीतर सगळी धूळ घरात. ओलं फडकं आत अजिबात न्यायचं नाही. वायरी उपटू-खुपसू नका, कुठली कुठे होती हे नंतर आठवत नाही, आधी फोटो काढून ठेवा.

आत असताना एक बघा. पुलीवर छोटं लोहचुंबक आणि त्याच्या समोर बोटाच्या पेरापेक्षा लहान सेन्सर असतो, मशीन स्पीड मोजते ती त्यावरून. त्याच्यावर धूळ चढली किंवा तो हलला की मशीन चालू होऊन काही सेकंदात आपोआप बंद पडते आणि एरर दाखवते, आणि मेकॅनिक म्हणतो बोर्ड गेला. कोरड्या ब्रशने पुसा, चुंबकापासूनचं अंतर बदलू नका. तसंच डीसी मोटर असेल तर तिच्यात कार्बन असतात, मिक्सरच्या मोटरीत असतात तेच. ते झिजले की ठिणग्या दिसतात आणि झोंबणारा वास येतो, रबराच्या वासापेक्षा वेगळा. कार्बन बदलणं किरकोळ काम आहे, मोटर बदला म्हणणाऱ्याला आधी कार्बन दाखव म्हणायचं.

बाकी त्या गिझरच्या वायरीचं पहिलं काहीतरी करा. बाबा सकाळी चालतात आणि सकाळीच गिझर चालू असतो, एका एमसीबीवर दोघांचा भार, तो बिचारा पडणारच. ट्रेडमिलला स्वतंत्र लाइन करून घ्या आणि एमसीबी सी टाइपचा लावा. बी टाइपचा असेल तर मोटर सुरू होतानाच्या करंटलाही पडू शकतो. मात्र पडतोय म्हणून २० चा काढून ३२ चा लावणं हा उपाय नाही, वायर तेवढी जाड नसेल तर भिंतीत आग लागते. हे लिहावं लागतं कारण असं करणारे भेटतात.

रत्नांग्री हापूस

मी कोकणातला, आमचा प्रश्न धूळ नाही, दमट हवा. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे लोखंडाचं काही ठेवलं की चार महिन्यांत तांबूस. ठाण्यात एवढं नसेल पण बंद गॅलरी म्हणताय तर पावसाची झड काचेच्या फटीतून येतेच येते.

आमच्याकडे पहिल्या पावसाळ्यात वरून प्लास्टिकचं कव्हर घातलेलं सगळ्यांनी सांगितलं म्हणून, काढून बघितलं तर आतून दव धरलेलं. प्लास्टिक नको, जुनी सुती चादर टाका, धूळ पण अडते आणि हवा पण खेळते. पावसाळ्यात वापर नसला तरी आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटं रिकामी चालवायची, मोटर तापून आतला ओलावा जातो आणि पट्टा एकाच जागी रोलरला वळून बसत नाही. विजा चमकायला लागल्या की प्लग बाहेर, हे आमच्याकडे टीव्हीइतकंच ट्रेडमिललाही लागू. घडीच्या सांध्याचे बोल्ट, चाकं, मागच्या टोकाचे बोल्ट इथे गंज आधी धरतो, तिथे कापडाला किंचित तेल लावून पुसलं तर चालतं, ते बाहेरचे भाग आहेत, फक्त पट्ट्याला लागू देऊ नका.

आणि मोटरच्या खोक्यात पाल. सांगून ठेवतो, झाकण उघडताना किंचाळू नका. ऊब असते, किडे येतात, त्यामागोमाग पाल येते. तळमजला असेल तर उंदीर, आणि उंदीर वायर कुरतडतो. आमच्याकडे मशीन मेलेली म्हणून मेकॅनिकला रत्नागिरीहून बोलावला, त्याने झाकण उघडलं आणि आत वायरींच्या मधोमध भाताच्या तुसाचं घरटं, शेजारी अर्धा आंब्याचा बाठा. बाठा नेला कसा आत हे कुणालाच कळलं नाही.

जर्सीकाकू

आमची बेसमेंटमध्ये कार्पेटवर आहे. इकडे ओलाव्याचा नाही तर सुताचा त्रास, कार्पेटचे तंतू खालून ओढले जाऊन मोटरमध्ये गोळा होतात, म्हणून खाली जाड रबरी मॅट घातलीच पाहिजे, तुमच्याकडे टाइल्स असल्या तरी घाला, खालच्यांच्या डोक्यावर धपधप कमी होते. हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की चालून झाल्यावर दांडीला हात लावला की चट्‌कन शॉक. स्टॅटिक आहे तो, पण आधी अर्थिंग नीट आहे ना ते बघून मगच स्टॅटिक म्हणून सोडून द्यायचं. पट्टा कोरडा असला की हे जास्त होतं, तेल घातल्यावर कमी झालं.

अजून एक, कुणी भारतात परत जाताना इथली ट्रेडमिल कंटेनरमध्ये टाकून नेऊ नका. इथलं १२० व्होल्टचं मशीन तिकडच्या २३० ला लावलं की गेलंच, आणि तेवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याला घरात जागा शोधत बसाल. आमच्या ओळखीत एकांनी नेलीये, ट्रान्सफॉर्मर स्टुलासारखा वापरतात.

ठाणेकरीण

अपडेट देते. रविवारी सगळं घर कामाला लावलं. पंचे काळे झाले, अक्षरशः काजळ. टॉर्च मारून बघितलं, डेकवर तपकिरी कुठे दिसत नाही, खड्डा नाही. झाकण उघडलं, पाल नव्हती (देव पावला), पण धुळीची गादी होती आणि त्यात माझी हरवलेली टिकलीची पाकिटं, एक रबरबँड आणि मुलाचा क्रिकेटचा बिल्ला.

सिलिकॉनचं तेल घातलं, मुलाला चालवलं, मग बाबांना. झटका गेला! वासही नाही. आवाज इतका बदलला की शेजारच्या काकूंनी विचारलं नवीन घेतली का. गिझरची वायर वेगळी करायला इलेक्ट्रिशियन बुधवारी येतोय, तोवर बाबा चालत असताना गिझर बंद.

पण आता नवीनच. पट्टा हळूहळू डावीकडे सरकतोय, डाव्या बाजूच्या प्लास्टिकला घासून चिर्र आवाज येतो. आता आवळू का मागचा बोल्ट? (पेठकर, तुमचा दिवस आला.)

पेठकर

मी पहिल्यापासून तेच सांगत होतो.

जिमवाला सोलापूर

आवळायचं, पण मापात. मशीनच्या मागे उभं राहा, पट्टा डावीकडे जातोय तर डाव्या बोल्टला एलन की लावून घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. पाव म्हणजे पाव. मग मशीन रिकामी ४-५ च्या स्पीडला दोन-तीन मिनिटं चालू द्या आणि बघा, पट्टा आपोआप मधे यायला लागतो पण लगेच नाही, लोक वाट बघत नाहीत आणि अजून आवळतात, मग तो पलीकडे जातो, मग उजवा आवळतात, असं करत करत दोन्ही बाजू इतक्या ताणतात की रोलरचे बेअरिंग बोंबलायला लागतात. दोन मिनिटांनी अजून डावीकडेच असेल तर अजून पाव. दोन्ही बोल्ट आधीच घट्ट वाटत असतील तर डावा आवळायच्या ऐवजी उजवा पाव फेरा सैल केला तरी तेच होतं.

ताण किती पाहिजे तर मशीन बंद करून पट्ट्याची कड मधोमध उचला, दोन-तीन इंच वर आली पाहिजे. अजिबात उचलली जात नसेल तर जास्त ताणलाय, हाताने सहज चार-पाच इंच येत असेल तर ढिला. पट्टा मधे आल्यावर बाबांना चालवून बघा, पाऊल टाकताना पट्टा सरकतोय असं वाटलं आणि मोटरचा आवाज मात्र तसाच राहिला तर दोन्ही बोल्ट सारखेच, पाव पाव.

आणि चालू पट्ट्याच्या मागे वाकून बघताना पदर, ओढणी, मोकळे केस सांभाळा. मागच्या रोलरमध्ये गेलं की सुटत नाही. लहान मुलं असतील तर त्यांना खोलीबाहेर काढा आणि वापर झाल्यावर सेफ्टी की (काढली की मशीन बंद पडते ती) काढून उंचावर ठेवा. ती की फ्रिजच्या दारावर लावू नका चुंबक आहे म्हणून, पोरांच्या हाताला लागते.

फेजन्यूट्रल

+१ भाऊंना. नवीन तेलानंतर पट्टा थोडा सरकणं नॉर्मल आहे. आणखी एक बघा, मशीन जमिनीवर सपाट बसलीये का? गॅलरीला पाणी जायला उतार दिलेला असतो, मशीन त्या उतारावर तिरकी बसली की तुम्ही कितीही बोल्ट फिरवा, पट्टा त्याच बाजूला जात राहतो. आधी मोबाईलमधलं लेव्हलचं अ‍ॅप डेकवर ठेवून बघा आणि पायाचे स्क्रू फिरवून सपाट करा, मग बोल्टला हात लावा.

ठाणेकरीण

दादा अगदी तेच निघालं!! उतार डावीकडेच आहे, नळीच्या बाजूला. मशीनच्या डाव्या पायाचा स्क्रू फिरवून ती बाजू उचलली आणि बोल्टला फक्त एकदाच पाव फेरा दिला, आता पट्टा मधे आहे.

शेवटचं एक, तेल घालताना थोडं टाइल्सवर सांडलंय, तीनदा पुसलं तरी निसरडं आहे, कामवाल्या मावशी घसरता घसरता वाचल्या. पाण्याने जात नाहीये.

रत्नांग्री हापूस

पाण्याने जाणारच नाही ते, पाणी टाकलं की उलट पसरतं. आधी कोरड्या कागदाने किंवा पंच्याने टिपून घ्या, पुसायचं नाही, टिपायचं. मग भांड्याचं लिक्विड नुसतं, पाणी न घालता, त्यावर ओतून घासणीने घासा, पाच मिनिटं ठेवा, मग कडक पाण्याने धुवा. एकदा करून भागत नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं, मधे कोरडं करून तळवा घासून बघायचं. मॅटखाली पण गेलं असेल तर मॅट उचलून धुवा नाहीतर मशीनच सरकेल. आणि तोच फरशी पुसायचा मॉप तोवर बाकी घरात फिरवू नका, सगळ्या खोल्यांत घसरगुंडी होईल.

पेठकर

मावशींना पगारी सुट्टी द्या तोवर.